गिरणीवाल्यांच्या घरातले जुने कागद

दसरा-दिवाळीची झाडलोट निघाली की बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. माळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक! वर्षातून एकदा ती खाली येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते, आतली कागदांची चवड इकडची तिकडे होते, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, "काय करायचाय हा कचरा ठेवून? देऊन टाका रद्दीवाल्याला." सासऱ्यांच्या हातचे जमाखर्च, आजेसासूबाईंना माहेराहून आलेली कार्डं, कुणाच्या तरी बाळंतपणाची डिंक-खारकांची यादी, लग्नातल्या आहेराची वही. ठेवावं तर जागा नाही, टाकावं तर हात धजत नाही. शेवटी निर्णय आपल्यावरच येतो, कारण ट्रंकेची किल्ली बहुधा आपल्याचकडे असते.

म्हणून, मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला फार दूरच्या एका घराची हकीकत सांगणार आहे. घर अमेरिकेतलं, गोष्ट सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची आणि माणसं पिठाच्या गिरणीवाली. पण वाचल्यावर तुम्हीच सांगाल, ती आपल्याला परकी आहेत का म्हणून!

या कुटुंबाचं आडनाव एलिकट. जोसेफ, अँड्र्यू आणि जॉन हे तिघे भाऊ मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या बक्स परगण्यातले. क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे ना, साधी राहणी, शांततेवर भर आणि युद्धाला विरोध असणारा, त्या पंथाचे ते लोक. १७७२ च्या सुमाराला त्यांनी मेरीलँडमध्ये, बाल्टिमोर शहरापासून दहा मैलांवर, पटॅप्स्को नदीच्या काठी जागा घेतली आणि गिरण्या उभारायला सुरुवात केली. त्या जागेला नाव पडलं 'एलिकट्स मिल्स', म्हणजे एलिकटांच्या गिरण्या. आजचं एलिकट सिटी हे गाव ते हेच. तेव्हा अमेरिका स्वतंत्रसुद्धा झाली नव्हती, बरं का!

शेजारपाजारच्यांना हा वेडेपणा वाटला असेल तर नवल नाही. कारण त्या मुलखात सगळा तंबाखूचा कारभार. शेतात तंबाखू, बाजारात तंबाखू, देणीघेणीसुद्धा तंबाखूतच. गहू पिकवणारे मोजकेच, मग गिरणीत दळायचं काय? पण तंबाखूने जमिनी पार निःसत्त्व झाल्या होत्या. एलिकट बंधूंनी शेतकऱ्यांना गव्हाकडे वळवलं. चार्ल्स कॅरोल हा त्या भागातला बडा जमीनदार त्यांचं ऐकून गव्हाकडे वळला, तेव्हा इतरांनाही धीर आला. दमलेल्या जमिनीला जिप्समची पूड घालायची हेही त्यांनी लोकांना दाखवलं. मालासाठी रस्ते केले, बाल्टिमोरला स्वतःचा धक्का बांधला. पीठ लाकडी पिंपांतून जायचं. एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे जवळजवळ ८९ किलो पीठ! पुढे १८३० साली बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पहिला तेरा मैलांचा टप्पा सुरू झाला, तो याच गिरण्यांपर्यंत.

गिरणी म्हणजे अर्थातच पाणचक्की. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिली असेल. पाण्याच्या जोरावर चाक फिरतं, चाकावर दगडाची तळी. आपल्या जात्याचंच मोठं भावंड म्हणा ना! जात्याला टाकी लावावी लागते, तशी त्या तळ्यांनाही लावावी लागे. पण दळणापेक्षा मोठी यातायात असे दळल्यानंतरची. पीठ दगडातून निघतं ते गरम आणि दमट. ते तसंच भरलं तर आंबूस होतं, गाठी धरतं. (म्हणूनच आपणही गिरणीतून आलेलं पीठ परातीत पसरून गार करतो नि मगच डब्यात भरतो.) तेव्हा माणसं ते घमेल्यांतून खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर चढवायची आणि एक पोऱ्या दाताळं घेऊन ते पसरत बसायचा.

ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या कारागिराने या सगळ्यावर तोड काढली. पट्ट्यावर छोट्या डब्या बसवून त्यांनी पीठ वर चढवायचं, लाकडी मळसूत्राने ते पुढे सरकवायचं आणि आपोआप फिरणाऱ्या दाताळ्याने पसरून गार करायचं. १७९० साली त्याला याचं पेटंट मिळालं. पुष्कळ गिरणीवाले सुरुवातीला या भानगडीत पडायला तयार होईनात, पण एलिकटांनी ही यंत्रं लवकरच आपलीशी केली. १७९५ मध्ये इव्हान्सने गिरणीवाल्यांसाठी पुस्तक काढलं, त्यातला एक भाग याच कुटुंबातल्या थॉमस एलिकटने लिहिला. गंमत अशी, की पुढे पेटंटावरून वाद झाले तेव्हा १८१३ साली थॉमस जेफरसनने एका पत्रात स्पष्ट लिहिलं, की डब्यांची अशी माळ लोक विहिरीचं पाणी काढायला पूर्वापार वापरत आलेले आहेत. म्हणजे आपलं रहाटगाडगंच की!

आता तुम्ही म्हणाल, गव्हाची नि पिठाची ही माहिती झाली ठीक, पण त्या कागदांचं काय? तिथेच येते.

गिरण्या बांधायला आलेल्या कामकऱ्यांना रोज जेवायला लागणार. आसपास वस्ती विरळ. तेव्हा जवळच्या एका शेतातली मेरी नावाची काळी बाई त्यांना कोंबड्या, भाजीपाला आणि मध विकू लागली. बाई मोठी काटक. सत्तरी उलटल्यावरसुद्धा कोंबडी हवी झाली की मागे धावून स्वतः पकडायची, आणि तिला धाप लागत नसे! या मेरीचा मुलगा बेंजामिन बॅनेकर. जन्म १७३१ चा. त्या काळी मेरीलँडमधले बहुसंख्य काळे लोक गुलामीत होते, पण हे कुटुंब स्वतंत्र होतं, त्यांची स्वतःची जमीन होती. बेंजामिनचं शाळेतलं शिक्षण जेमतेम, पण डोकं विलक्षण. विशीत त्याने लाकडाची चाकं कोरून घड्याळ बनवलं होतं आणि ते वर्षानुवर्षं चालत होतं. गिरण्या उभ्या राहत होत्या तेव्हा तोही ती यंत्रं बघायला येऊन उभा राहायचा.

दुसऱ्या पिढीतल्या जॉर्ज एलिकटशी त्याची मैत्री जमली. जॉर्जला खगोलशास्त्राचा नाद. त्याने बॅनेकरला ग्रहगणिताची पुस्तकं दिली, उपकरणं दिली आणि मांडून बसायला एक टेबलही दिलं. सवडीने येऊन समजावून सांगीन, असा जॉर्जचा बेत होता. पण तो येईपर्यंत या पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्याने सगळं आपलं आपणच शिकून घेतलं होतं! एवढंच नव्हे, १७८९ सालच्या पत्रात त्याने जॉर्जला त्या पुस्तककारांच्या गणितातले फरक दाखवून दिले. १७९१ मध्ये नव्या राजधानीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या, सीमा आखायचं काम अँड्र्यू एलिकटकडे होतं. (हा जोसेफचा मुलगा, थोरल्या अँड्र्यूचा पुतण्या.) सुरुवातीचे काही महिने बॅनेकर त्याच्या मदतीला होता. पुढे १७९२ पासून १७९७ पर्यंत बॅनेकरची पंचांगं छापून निघाली. सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहणं, सगळं गणित त्याच्या हातचं. ती छापली जावीत म्हणून एलिकट मंडळींनी आणि गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी खटपट केली.

त्याने आणखी एक धाडस केलं. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने परराष्ट्रमंत्री जेफरसनला पत्र लिहिलं. सगळी माणसं समान आहेत असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा माणूस स्वतः गुलाम बाळगतो हे कसं, असा त्याचा सवाल होता. जेफरसनचं उत्तर अकरा दिवसांनी लिहिलं गेलं. या दोन्ही पत्रांच्या नकला बॅनेकरने आपल्या वहीत उतरवून ठेवल्या. त्याच वहीत ग्रहणांची गणितं आहेत, मधमाश्यांची निरीक्षणं आहेत, दर सतरा वर्षांनी जमिनीतून निघणाऱ्या किड्यांची टिपणं आहेत, आणि पडलेली स्वप्नंसुद्धा लिहिलेली आहेत.

ऑक्टोबर १८०६ मध्ये बॅनेकर वारला. त्याने लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर त्या घरात तो एकटाच राहत होता, रांधणं-धुणं सगळं स्वतःच करायचा. त्याने सांगून ठेवलं होतं, की मी गेल्यावर जॉर्ज एलिकटने दिलेल्या वस्तू लगेच परत पोचवा. त्याप्रमाणे त्याच दिवशी त्याचा भाचा गाडीत ते टेबल, ती पुस्तकं, ती उपकरणं आणि सोबत मामाच्या वह्या घालून जॉर्जच्या दारात उभा राहिला.

दोन दिवसांनी दफन झालं. आणि दफनाचा विधी चालू असतानाच बॅनेकरच्या लाकडी घराला आग लागली. काही म्हणता काही वाचलं नाही. ते लाकडाचं घड्याळसुद्धा जळून गेलं.

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात जे जे त्याचं म्हणून राहिलं होतं ते गेलं, आणि जे दुसऱ्याला परत करायचं म्हणून बाहेर पडलं तेवढंच वाचलं! आज बॅनेकरबद्दल जे थोडंफार खात्रीने सांगता येतं, ते एका भाच्याने मामाचा शब्द त्याच दिवशी पाळला म्हणून, आणि गिरणीवाल्यांच्या घराने त्या वह्या रद्दी समजून टाकल्या नाहीत म्हणून.

पण नुसतं जपून भागतं का? कपाटात वही आहे, पण ती कुणाची, त्या माणसाचा चेहरा कसा होता, बोलायचा कसा, हे सांगणारं कोणी नसेल तर त्या वहीचं मोल निम्मंच राहतं. इथे या घरातल्या बायका पुढे येतात.

जॉर्ज एलिकटची बायको एलिझाबेथ. १७९० साली ती मैत्रिणींना घेऊन बॅनेकरला भेटायला गेली होती. दार सताड उघडं, मोठ्या लंबगोल टेबलावर पुस्तकं नि उपकरणं पसरलेली, आणि हा गडी कामात इतका गर्क की बायका आत आल्याचंही त्याला कळलं नाही. लक्षात येताच चटकन उठला आणि मोठ्या अदबीने त्याने त्यांना बसायला सांगितलं. ही आठवण आपल्यापर्यंत पोचली ती तिची मुलगी मार्था हिच्यामुळे.

मार्थाचा जन्म १७९५ चा. म्हणजे बॅनेकर गेला तेव्हा ती अकरा वर्षांची पोर. १८१५ मध्ये नेथन टायसन यांच्याशी तिचं लग्न झालं आणि तिला बारा मुलं झाली. बारा! आपल्याला दोन मुलांचे डबे नि अभ्यास करता करता संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. त्या संसारातून वेळ काढून १८३६ साली तिने बॅनेकरविषयीच्या आठवणी गोळा केल्या आणि टिपणं काढली. त्याला प्रत्यक्ष ओळखणारी माणसं एकेक करून कमी होत चालली होती, म्हणून हे आत्ताच करायला हवं असं तिला वाटलं असणार. मेरीची कोंबडीमागची धाव, परत आलेलं टेबल, दफनाच्या दिवशीची आग, हे सगळं तिच्याच लिखाणातून आपल्याला कळतं.

त्या टिपणांवरून तयार केलेला निबंध १८५४ मध्ये मेरीलँडच्या इतिहास संस्थेत वाचला गेला. तो वाचला जे. सॉरिन नॉरिस या गृहस्थांनी, आणि छापील पुस्तिकेच्या शीर्षकात नाव आहे ते वाचणाऱ्याचं. पुढे १८६५ मध्ये घरातल्याच एका नातलगाच्या विनंतीवरून तिने एलिकट्स मिल्सची सगळी हकीकत लिहून काढली. तीही छापली गेली. १८७३ मध्ये मार्था वारली. आणि तिने मागे ठेवलेल्या कागदांतून बॅनेकरचं चरित्र पुस्तकरूपाने आलं १८८४ साली, तिच्या मुलीने संपादन करून. आई, मुलगी, नात! आजीने पाहिलं, आईने लिहिलं, मुलीने छापलं. तीन पिढ्यांच्या हातांतून ही गोष्ट पुढे आली.

याच मार्थाबाई स्वार्थमोर कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक होत्या आणि तिथे मुलामुलींना एकत्र शिकवलं जाई, हेही सांगायला हवं. मी स्वतः अर्धवेळ का होईना, पण मुलींना शिकवते, म्हणून मला त्याचं विशेष अप्रूप!

एलिकटांच्या कागदांत केवळ थोरामोठ्यांच्याच गोष्टी नाहीत. सीमा आखणारा तो अँड्र्यू पुढे १७९६ मध्ये अमेरिकेची नि स्पेनच्या मुलखाची हद्द ठरवायला दक्षिणेकडे गेला, तो परतला १८०० साली. जवळजवळ चार वर्षं! घरी बायको सॅली, पदरी मुलं. मोबाइल सोडाच, पत्रालाही पोचायला महिने लागत. त्या वर्षांत त्याने सॅलीला लिहिलेली पत्रं राहिली, आणि १९०८ मध्ये एका लेखिकेने ती त्याच्या चरित्रात छापली. सरकारी अहवालात हद्द सापडते. तापाने फणफणलेला, घराची आठवण काढणारा नवरा सापडतो तो बायकोच्या पत्रांत. ती जपून ठेवली गेली म्हणून.

आता गिरण्यांचं काय झालं ते सांगते. काळ फिरला, गिरण्या एलिकटांच्या हातून गेल्या. २४ जुलै १८६८ रोजी पटॅप्स्कोला असा महापूर आला की चाळीसहून जास्त माणसं दगावली आणि काठचे कारखाने वाहून गेले. अगदी अलीकडे २०१६ आणि २०१८ मध्येही त्या गावाने भयंकर पूर पाहिले. म्हणजे बघा, दगडाच्या इमारती पाण्याने नेल्या, पण हाताने लिहिलेले कागद उरले! बॅनेकरची वही एलिकटांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि १९८७ मध्ये मेरीलँडच्या इतिहास संस्थेला देऊन टाकली. ते टेबल, मेणबत्तीची घरं, असल्या काही वस्तू मात्र १९९६ साली लिलावात निघाल्या. त्या आपल्याला मिळाव्यात अशी बॅनेकरच्या नावाने संग्रहालय काढू पाहणाऱ्यांची फार इच्छा होती, पण बहुतेक वस्तू दुसऱ्याच एका धनिकाने बोली लावून नेल्या. पुढे त्या प्रदर्शनात ठेवायचं ठरलं हे खरं. पण वंशजांनी वेळीच एकमताने ठरवलं नाही, तर घरची वस्तू हातोड्याखाली जाते, हाही धडा त्यातून घ्यावा.

आपल्याकडेही काही वेगळं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली जुनी दप्तरं गोळा करत होते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं ते अशाच कागदांच्या आधारावर. तुमच्या घरात मोडी लिपीतलं काही निघालं तर ते वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. वाचणारी माणसं आहेत, अशा संस्थांत चौकशी करा.

बाकीच्या कागदांसाठी घरच्या घरी करण्यासारख्या चार गोष्टी सांगते. टाचण्या नि लोखंडी क्लिपा आधी काढा, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. घड्या उलगडून कागद सपाट ठेवा, घडीवरच ते आधी तुटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. त्याऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. खळीला कसर लागते, हे आपल्याला साड्यांवरून ठाऊक आहेच. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी नि पावसाळ्यात ओल, म्हणून जागा द्यायची ती कपाटाच्या मधल्या खणात. पावसाळा संपला की सावलीत वारं द्या, कडक उन्हात घालू नका. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. शाईचं पेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं.

सगळंच ठेवायचं का? नाही हो! विजेची जुनी बिलं खुशाल टाका. पण ज्यात घरातल्या माणसाचं हस्ताक्षर आहे, ज्यात भाव लिहिलेले आहेत, ज्यात कोण कुठून आलं नि कुठे गेलं ते आहे, ते ठेवा. कुठलं महत्त्वाचं ठरेल ते आज सांगता येत नाही. कोंबड्या विकणाऱ्या मेरीचं नाव अडीचशे वर्षांनी कुणी वाचेल, असं तिला तरी वाटलं होतं का?

आणि शेवटचं, पण सगळ्यात निकडीचं. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. सासूबाई, आत्या, माहेरची काकू, कोणीही असो, दुपारच्या चहाला त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. या फोटोतली ही कोण? ही पाटल्यांची यादी कुणाच्या लग्नातली? त्या साली गाव का सोडलं? मोबाइलवर आवाज धरून ठेवलात तर उत्तमच, पण नावं नि सालं वहीत उतरवाच. मार्थाबाईंनी बारा मुलांच्या संसारात हे केलं. आपल्याला आठवड्यातून एक दुपार नक्कीच काढता येईल. येत्या रविवारपासूनच सुरुवात करा, आणि पहिल्या पानावर तारखेसोबत आपलं स्वतःचंही नाव लिहायला विसरू नका!